चाळिसावा हिस्सा

रमजानच्या आधीचा शाबान महिना अर्ध्यावर आला की आमच्या घरी वह्या यायला लागतात. कुणाची लाल कापडी बांधणीची खातेवही, कुणाची मुलाच्या जुन्या वहीतली पाठकोरी पानं, आणि अलीकडे बऱ्याच जणांचा नुसता मोबाईल. मी सोलापुरात ज्युनिअर कॉलेजात बुक-कीपिंग शिकवलं, आता निवृत्त आहे. विजापूर वेशीपासून नई जिंदगीपर्यंत माझ्या विद्यार्थ्यांची घरं पसरलेली आहेत. त्यांच्या आया-सासवांना ठाऊक आहे की आपाकडे गेलं की जकातीचा हिशेब चोख मिळतो. फतवा मी देत नाही. मसला अडला की मुफ्तीसाहेबांना विचारा, असंच सांगते. बेरीज-वजाबाकी तेवढी माझी. "आपा, इस साल कित्ती निकलती?" हा प्रश्न रमजानचा चांद दिसेपर्यंत दारात चालूच असतो.

या शहरात माझ्या शेजारी पद्मशाली आहेत, लिंगायत आहेत, मराठा आहेत. त्यांना रोजा माहीत आहे, शीरखुर्मा तर चांगलाच माहीत आहे. जकातीबद्दल मात्र "तुम्ही रमजानमध्ये गरिबांना वाटता ते" एवढंच ऐकून असतात. खरं सांगायचं तर आमच्यातल्याही पुष्कळांची समज तेवढ्यावरच थांबते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कलमा, नमाज, रोजा, जकात आणि हज हे इस्लामचे पाच आधार. कुरआनात नमाजेचा हुकूम येतो तिथे पुष्कळदा जकातीचाही येतो. सूरह मआरिजमध्ये असा आशय आहे की श्रद्धावंतांच्या संपत्तीत मागणाऱ्याचा आणि वंचिताचा ठरलेला हक्क असतो. माझ्या विषयाच्या भाषेत सांगायचं तर जकात ताळेबंदाच्या देणे बाजूला येते. ती रक्कम माझ्या कपाटात असते, पण मालक दुसराच असतो. ती वेळेवर पोचवली तर मी कुणावर उपकार केला नाही, आणि अडवून ठेवली तर दुसऱ्याचं दाबून ठेवलं. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. इसवी सन ६३२ मध्ये पैगंबरसाहेबांच्या निधनानंतर काही टोळ्यांनी सांगितलं की नमाज पढू, पण जकात देणार नाही. पहिले खलिफा अबू बकर यांनी ते ऐकून घेतलं नाही, त्यांच्याविरुद्ध फौज पाठवली. इतकी ती सक्तीची.

पण कुणावर सक्तीची? ज्याच्याकडे निसाब आहे त्याच्यावर, म्हणजे गरजा भागवून आणि कर्ज वजा करून ठरावीक किमतीच्या वर ज्याची मालमत्ता उरते त्याच्यावर. त्याला साहिबे निसाब म्हणतात. निसाब पूर्ण झाल्यावर एक चांद्रवर्ष गेलं की त्या दिवशी जे हातात असेल त्याचा चाळिसावा हिस्सा, शेकडा अडीच, काढायचा. मध्ये रक्कम खाली-वर झाली तरी आम्ही मानतो त्या हनफी मताप्रमाणे सुरुवातीला आणि शेवटी निसाब असला की पुरे. पगार किती मिळाला हे जकात विचारत नाही, वर्षाअखेर शिल्लक काय राहिलं ते विचारते. प्राप्तिकराची सवय लागलेल्या लोकांना हे समजावताना मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. लाखभर पगार घेऊन सगळा खर्चून टाकणाऱ्यावर जकात नसेलही, आणि पगार न मिळवणाऱ्या त्याच्या बायकोवर असेल.

तारखेचंही तसंच. ज्या दिवशी माणूस पहिल्यांदा साहिबे निसाब झाला तो त्याचा हिशेबाचा दिवस, मग तो सफरमध्ये येवो की शव्वालमध्ये. रमजानमध्ये पुण्य जास्त म्हणून बहुतेकांनी रमजान ठरवून घेतला आहे, त्यालाही हरकत नाही. मात्र चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं. इंग्रजी तारखेने, ३१ मार्चच्या ताळेबंदावर हिशेब करणाऱ्या व्यापाऱ्यांना मी अडीचऐवजी २.५७७ टक्के लावायला सांगते, कारण अकरा दिवस जास्तीचे धरले जातात.

निसाबाचं माप सगळ्यांना पाठ असतं: साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी. पण हा तोळा जुना, ११.६६४ ग्रॅमचा. सराफ आज तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा. म्हणून ग्रॅममध्ये लिहून ठेवावं: सोनं ८७.४८ ग्रॅम, चांदी ६१२.३६ ग्रॅम. अरब देशांत आणि इतरत्र ८५ आणि ५९५ ग्रॅम धरतात. आपल्या भागातले उलेमा जुन्या तोळ्याचं माप सांगतात, तेच मी वापरते.

दागिन्यांचा हिशेब मी घरात बसून कधी करत नाही, बायकांना सराफ कट्ट्यावर पाठवते, शक्य झालं तर सोबत जाते. तिथले एक वयस्क पोतदार आहेत. रमजानच्या आधी बुरख्यातल्या बायका नुसतं वजन करायला येतात, विकायला नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे. ते काट्यावरची धूळ फडक्याने पुसतात, आकडा शून्यावर आला की मगच पाटल्या ठेवतात. जुन्या पाटल्यांत आत लाख भरलेली असते. ती किती असेल हे ते पाटली हातावर तोलून, नखाने वाजवून सांगतात. कानातल्यांचे खडे आणि गळ्यातल्या काळ्या पोतीचे मणी बाजूला धरतात, उरलेलं सोनं बावीस कॅरेटचं की त्याहून कमी ते कसोटीवर पाहतात, आणि कागदाच्या चिठोऱ्यावर निव्वळ वजन लिहून देतात. पैसे घेत नाहीत. मी त्या चिठ्ठीला त्या दिवशीचा विकायचा भाव लावते. घडणावळ धरायची नाही, कारण मोडीला गेलं तर घडणावळ कुणी देत नाही. जुनी आजी असेल तर चांदीचं पानदान, अत्तरदाणी, पायपट्ट्या हेही काट्यावर चढतात.

अंगावरच्या दागिन्यांवर जकात आहे का, यावर सुन्नींच्या चार मजहबांत, म्हणजे धर्मकायद्याच्या परंपरांत, मतभेद आहे. सोलापुरात बहुसंख्य हनफी, आणि हनफी मत असं की सोनं-चांदी वापरात असो की तिजोरीत, जकात लागते. कोकणातले मुसलमान शाफिई. त्यांच्या मजहबात स्त्रीच्या रीतीप्रमाणे वापरातल्या दागिन्याला जकात नाही. माझी जाऊ रत्नागिरीची आहे. लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा ती चकितच झाली: "भाभी, तुम्ही कानातल्यावरही देता?" तिचंही बरोबर होतं आणि आमचंही. आज एकाच घरात दोन हिशेब चालतात, कुणी कुणाला टोकत नाही.

यातली महत्त्वाची गोष्ट ही की दागिने बाईचे असतील तर जकात बाईवर असते. नवऱ्यावर नाही. तिच्या संमतीने त्याने भरली तर चालते, पण जबाबदारी तिची. माहेरचं सोनं, मेहरची रक्कम, शिवणाच्या मशिनीवर मिळवलेले पैसे हे सगळं इस्लामी कायद्याने तिचं स्वतःचं, त्यामुळे हिशेबही तिचाच. अनेकींना हे पहिल्यांदा कळतं तेव्हा त्या घाबरतात, कारण हातात रोख नसते. एखादी अंगठी मोडावी लागेल म्हणून डोळ्यांत पाणी येतं. पण त्याच वेळी आपल्या नावावर काय आहे हे त्या आयुष्यात पहिल्यांदा एका कागदावर पाहतात. जकातीच्या निमित्ताने कितीतरी बायकांना आपले दागिने सासूच्या कपाटात आहेत की गहाण पडलेत हे कळलं. मला हे या कामातलं मोठं फळ वाटतं.

आता ज्या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त छळलं आहे त्याकडे येते. पैगंबरसाहेबांच्या काळात वीस दीनार सोन्याचं मोल दोनशे दिरहम चांदीएवढं होतं, म्हणून दोन्ही निसाब सारखेच. पुढे चांदी घसरत गेली. समजायला सोपं जावं म्हणून सोनं दहा ग्रॅमला एक लाख आणि चांदी किलोला एक लाख धरा. सोन्याचा निसाब होतो ८ लाख ७४ हजार ८०० रुपये, चांदीचा ६१ हजार २३६. चौदा पटींचा फरक! आपल्याकडचे हनफी उलेमा सोनं, रोख, माल अशी मिसळ असेल तर सगळ्याची किंमत करून चांदीच्या निसाबाशी ताडून पाहायला सांगतात, म्हणजे गरिबाचा फायदा होतो, जास्त लोक देणारे होतात.

तर एक विडी वळणारी विधवा आहे. लग्नातल्या दोन तोळ्यांच्या पाटल्या तिने मुलीसाठी जपल्या आहेत, आणि बचत गटात तीन हजार रुपये आहेत. नुसत्या पाटल्या असत्या तर साडेसात तोळे भरत नाहीत, विषय संपला. पण तीन हजार आल्याबरोबर दोन्ही मिळून २ लाख ३ हजार होतात, चांदीच्या निसाबाच्या कितीतरी वर. तिच्यावर ५,०७५ रुपये जकात बसते, आणि ती स्वतः जकात घेऊ शकत नाही. तिच्या दारी मी काय तोंडाने हिशेब घेऊन जाऊ? मी पहिल्यांदा तिचं देणं विचारते. दुकानाची उधारी, फायनान्सच्या गटाचे थकलेले हप्ते, मुलाच्या दवाखान्यासाठी भावाकडून आणलेले पैसे. हे सगळं वजा होतं, आणि बहुतेक वेळा वजाबाकीनंतर ती निसाबाखाली येते. नाही आली तर मुफ्तीसाहेबांकडे पाठवते. यूसुफ अल-करदावी यांच्यासारख्या आधुनिक विद्वानांनी जकातीवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात सोन्याचाच निसाब धरावा असं मांडलं आहे. माझं मनही तिकडे झुकतं. पण माझ्या मनाने दुसऱ्याचं फर्ज ठरत नाही. म्हणून श्रीमंताला मी चांदीचाच निसाब सांगते आणि अशा बाईला आलिमाचा दरवाजा दाखवते.

व्यापाऱ्यांचा हिशेब मला तुलनेने सोपा जातो, आणि सोलापूरच्या धंद्यांत तो फार सुंदर बसतो. चादरी-टॉवेलचा छोटा कारखाना घ्या. यंत्रमाग, शेड, टेम्पो, शिलाई मशीन ही कमाईची साधनं, त्यांवर जकात नाही. विकायला ठेवलेला माल आणि त्याचा कच्चा माल यांवर आहे. मागच्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याचा हिशेब केला तो साधारण असा होता: गोदामातलं सूत ४ लाख, तयार चादरी आणि टॉवेल ६ लाख, बाहेरगावच्या व्यापाऱ्यांकडून येणं ५ लाख, बँक आणि गल्ल्यात १ लाख. एकूण १६ लाख. सूतवाल्याचं देणं ३ लाख, कामगारांचा पगार-बोनस १ लाख, हे वजा. उरले १२ लाख, जकात ३० हजार. माल खरेदीच्या किमतीने धरायचा नाही, हिशेबाच्या दिवशी ठोक बाजारात जो भाव येईल तो धरायचा. मागे पडलेल्या फिक्या रंगाच्या चादरी असतील तर त्यांची कमी किंमतच धरायची.

त्याच्या शेडच्या मागे रंगाची पिंपं होती. त्याने विचारलं, "मॅडम, रंगावर लागते का?" हा प्रश्न शेकडो वर्षांपूर्वीच्या फकीहांनीही, म्हणजे धर्मकायद्याच्या जाणकारांनीही, घेतला आहे. त्यांचं उत्तर असं की रंगाऱ्याचा रंग कापडात राहतो, गिऱ्हाईक तो कापडाबरोबर विकत घेतो, म्हणून तो माल. परटाचा साबण धुऊन वाहून जातो, म्हणून तो साधन. रंगावर जकात, साबणावर नाही. डायहाउसमधला रंग आणि कॉस्टिक सोडा आम्ही याच नियमाने वेगळे केले. बगदाद-कूफ्याच्या रंगाऱ्यांसाठी केलेला विचार अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जसाच्या तसा लागू पडतो, हे पाहून त्या दिवशी मला फार आनंद झाला.

बाकी नेहमीचे प्रश्न. राहतं घर, स्वतःची गाडी, भांडीकुंडी यांवर काही नाही. भाड्याने दिलेल्या घरावर नाही, भाड्यातून साठलेल्या पैशावर आहे. प्लॉट विकण्याच्या हेतूने घेतला तर बाजारभावावर, घर बांधायला घेतला तर काहीच नाही. इथे माणसाने मनाशी खरं बोलावं. भिशीत भरलेले आणि अजून न उचललेले हप्ते तुमचेच, ते जमेस धरायचे. नंबर लागून उचलून झाली असेल तर राहिलेले हप्ते कर्जात. नोकरदाराचा सक्तीने कापला जाणारा फंड हातात येईपर्यंत त्यावर जकात नाही, असं आपल्याकडचे बहुतेक मुफ्ती सांगतात. बुडीत येणं वसूल झाल्यावर बघायचं. बँकेचं व्याज जकातीत देऊन मोकळं होता येत नाही. ते आपलं नाहीच, मग त्यातून आपलं देणं कसं फिटेल? शिया बंधूंकडे याशिवाय वर्षाच्या बचतीवर खुम्स असतो, पाचवा हिस्सा, त्याचे नियम वेगळे.

शेतीचा हिस्सा वेगळा, त्याला उश्र म्हणतात. माझे मामा मंगळवेढ्याकडचे. तिथली काळी जमीन पावसाचं पाणी धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची मालदांडी ज्वारी येते. अशा जिरायत पिकाचा दहावा हिस्सा द्यायचा. विहीर, कालवा किंवा बोअरचं पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा, कारण पाण्याला खर्च आणि कष्ट लागतात. यात वर्ष पूर्ण होण्याची वाट पाहायची नसते, पीक निघालं की हिस्सा निघाला. वीस क्विंटल ज्वारी झाली की मामा दोन क्विंटल खळ्यावरच बाजूला काढायचे, मग उरलेली पोती घरी. बलुत्याची रीत गावात होती, त्यामुळे खळ्यावरून दुसऱ्याचा वाटा जातो यात कुणाला नवल वाटत नसे. आता त्यांच्या मुलाने ऊस लावला आहे. उसाची मोळी कुणाला देणार? तो कारखान्याचं बिल आलं की विसावा हिस्सा काढतो. ६० टन ऊस, टनाला तीन हजार, तर नऊ हजार रुपये. हिंदुस्थानातल्या जमिनी उश्री धरायच्या की नाहीत यावर उलेमांत वाद आहे. मामा म्हणत, "वाद त्यांचा, ज्वारी माझी, मी देणार."

इथपर्यंत काढायचं कसं ते झालं. द्यायचं कुणाला, हे मला त्याहून अवघड वाटतं. सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत आठ हक्कदार सांगितले आहेत: गरीब, अगदी निराधार, जकात गोळा करणारे, ज्यांची मनं जोडायची ते, गुलामीतून सुटू पाहणारे, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या मार्गात असलेले आणि वाटेत अडकलेले प्रवासी. आई-बाप, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं यांना जकात देता येत नाही, कारण त्यांना सांभाळणं हे आपलं वेगळं कर्तव्यच आहे. नवरा-बायकोनेही एकमेकांना द्यायची नाही. पण भाऊ, बहीण, मावशी, आत्या, पुतण्या गरजू असतील तर त्यांचा हक्क आधी, आणि त्यात नातं सांभाळल्याचं पुण्य वेगळं. सय्यद घराण्यांना जकात चालत नाही. आपल्या शहरात गरीब सय्यद पुष्कळ आहेत, त्यांना हदिया म्हणून, भेट म्हणून, दुसऱ्या पैशातून द्यावं. मोलकरणीच्या पगारात जकात घालता येत नाही. पगार पूर्ण देऊन वर देता येते.

जकात ज्याला द्यायची त्याला त्या पैशाचा पूर्ण मालक करावं लागतं, याला तमलीक म्हणतात. म्हणून मशिदीची फरशी, बोअर, कमान यांना जकात लागत नाही. रमजानमध्ये दूरदूरच्या मदरशांचे सफीर, म्हणजे वर्गणी गोळा करणारे, रसीदबुकं घेऊन सोलापुरात येतात. अनाथ मुलं सांभाळणाऱ्या मदरशाला द्यायला काहीच हरकत नाही. पण आपल्या गावातल्या गरजूला सोडून पैसा बाहेर पाठवणं हनफी ग्रंथांनीही नापसंत केलं आहे, नातेवाईक किंवा जास्त गरजू माणूस बाहेर असेल तर गोष्ट वेगळी. पैगंबरसाहेबांनी मुआज इब्न जबल यांना यमनला पाठवताना हेच सांगितलं होतं की तिथल्या श्रीमंतांकडून घ्या आणि तिथल्याच गरिबांना द्या. बहुतेक फकीह जकात मुसलमान गरजूंसाठीच मानतात ते याच हदीसच्या आधारे. सदक्याला, म्हणजे ऐच्छिक दानाला, असं बंधन नाही. आमच्या घरी सदक्याचं पाकीट निराळं असतं, आणि ते गल्लीत ज्याला गरज असेल त्याच्याकडे जातं, तो कुणीही असो.

काही देशांत हे काम सरकार करतं. पाकिस्तानात १९८० च्या अध्यादेशाने बँक खात्यांतून पहिल्या रमजानला जकात कापायला सुरुवात झाली. शिया समाजाने मोठा विरोध केल्यावर त्यांना सूट द्यावी लागली. मलेशियात राज्याराज्यांची मंडळं ती गोळा करतात. आपल्याकडे कुणी मागायला येत नाही, सगळं माणसाच्या इमानावर. दिल्लीत १९९७ मध्ये सुरू झालेल्या झकात फाउंडेशन ऑफ इंडियासारख्या संस्था ती एकत्र करून अनाथांसाठी आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी वापरतात. एकत्र करण्याच्या बाजूची मी आहे. पाचशे-पाचशेच्या नोटा वीस जणांना वाटल्या तर देणाऱ्याला बरं वाटतं, पण घेणाऱ्याचा आठवडाही निघत नाही.

आमच्या ओळखीत एक बाई आहे. नवरा यंत्रमागावर होता, पाठीच्या दुखण्याने घरी बसला. औषधांसाठी तिने फायनान्सच्या तीन गटांकडून कर्ज घेतलं, एकाचा हप्ता फेडायला दुसऱ्याचं. दर आठवड्याला वसुलीवाला गल्लीत आला की ती दार लावून घेत असे. तिच्या घरात फ्रिज आहे म्हणून लोक म्हणाले, ही कसली गरीब? रोजच्या वापराच्या वस्तू निसाबात धरत नाहीत हे त्यांना समजावून सांगावं लागलं. एकाला इतकं देऊ नये की तोच साहिबे निसाब होईल, असं हनफी ग्रंथांत आहे, पण कर्जदार त्याला अपवाद: कर्ज फिटेल इतकं देता येतं. आम्ही बहीण-भावंडांनी जकात एकत्र केली आणि ७० हजार रुपये तिच्या हातात दिले. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की परस्पर गटात भरून टाकू, पैसे दुसरीकडे जातील. मी नाही म्हटलं. मालक ती, फेडायचं तिने. तिने तिन्ही गट बंद केले आणि पावत्या आणून दाखवल्या, आम्ही मागितल्या नव्हत्या. आज ती शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात नगावर शिलाई करते. अडचण अजून आहे, हप्ता मात्र नाही.

तिला ती जकात होती हे मी सांगितलं नाही. सांगायची गरजच नसते. देणाऱ्याच्या मनात नियत असली की पुरे. हातात ठेवताना ईदी म्हणा, भेट म्हणा, काहीच म्हणू नका. कुरआनाने सूरह बकरामध्ये अशा माणसांकडे खास लक्ष वेधलं आहे जे मागत नाहीत, आणि अजाण माणसाला ते खाऊनपिऊन सुखी वाटतात. असे लोक रांगेत उभे राहत नाहीत. तरी आपल्याकडे रांगा लावल्या जातात, साडी आणि राशनचं पुडकं हातात देताना फोटो काढले जातात, ते गल्लीच्या ग्रुपवर फिरतात. मला ते बघवत नाही. ज्याचं देणं लागतो त्याला उन्हात उभं करून, त्याचं तोंड जगाला दाखवून देणं फेडायचं, हा कुठला न्याय? २००८ मध्ये इंडोनेशियात पासुरुआनला आणि २०१५ मध्ये बांगलादेशात मैमनसिंगला श्रीमंतांच्या दारात जकातीसाठी गर्दी झाली, चेंगराचेंगरीत दोन्हीकडे वीसहून अधिक माणसं गेली, बहुतेक बायका. पासुरुआनला प्रत्येकीला मिळणार होते ३० हजार रुपिया, म्हणजे आपले दीडशे रुपयेसुद्धा नाहीत. ही माणसं देणाऱ्याने शोधायची होती. त्यांनी धावत यायचं नव्हतं.

फित्रा वेगळा, तो थोडक्यात सांगते. ईदच्या नमाजेआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या बाळामागेही, गव्हाचं ठरावीक माप किंवा त्याची किंमत द्यायची. मशिदीतून दरवर्षी रक्कम जाहीर होते. गव्हाच्या भावाने ती फारच थोडी येते. खजूर किंवा मनुक्यांच्या मापानेही फित्रा देता येतो, आणि ज्याला परवडतं त्याने तसाच द्यावा, म्हणजे गरिबाच्या घरीही ईदला नवे कपडे होतील. रमजान संपता संपता विजापूर वेशीतल्या गर्दीत खिसा मोकळा करणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

यंदा हिशेबाला एक नवं गिऱ्हाईक आहे. माझी भाची पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागली, वर्ष होऊन गेलं. तिने मोबाईलवर तक्ता पाठवला: बचत खातं, म्युच्युअल फंड, थोडे शेअर, आईने दिलेली सोन्याची चेन. शेअर विकून नफा कमवायला घेतले असतील तर पूर्ण बाजारभावावर जकात. वर्षानुवर्षं ठेवायला घेतले असतील तर कंपनीच्या रोख, माल आणि येण्याच्या प्रमाणात, असं आजचे बरेच विद्वान सांगतात. ते प्रमाण काढणं तिला शक्य नव्हतं, म्हणून सध्या पूर्ण किमतीवर काढ म्हटलं. चार पैसे जास्त गेले तर सदका होतील. तिची रक्कम आली ७,४०० रुपये. ती म्हणाली, "खाला, तुम्हाला पाठवते, तिकडे कुणाला तरी द्या."

मी नको म्हटलं. पैसा तिचा पुण्यात साठला आहे आणि ती कोंढव्यात राहते. तिथे तिच्याच इमारतीच्या मागच्या गल्लीत कुणाच्या दारावर हप्तेवाला येतो, कुणाच्या मुलीची फी थकली आहे, याची तिने आधी चौकशी करायची. नाव मला कळवायचं नाही, आणखी कुणालाच कळवायचं नाही. पंधरा दिवसांची मुदत दिली आहे तिला.